पोकरचे प्रकार, तीन पत्ती आणि १८८७ चा मुंबई जुगार-प्रतिबंधक कायदा

पत्त्यांच्या खेळांचा इतिहास हा करमणुकीच्या इतिहासातील एक किरकोळ विषय समजला जातो, आणि त्यामुळे त्यांच्या नियमांकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. परंतु या नियमांना दंडविधानाचीही एक बाजू आहे. एखाद्या डावात किती पाने झाकलेली असतात, किती उघडी पडतात, पाने बदलण्याची मुभा असते की नाही आणि बोली किती वेळा चढवता येते, या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या बाबींवर तो डाव खेळणारा मनुष्य क्रीडापटू ठरतो की आरोपी, हे अवलंबून राहिलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६७ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे ठरविताना, 'फ्लश', 'ब्रॅग' इत्यादी नावांनी चालणारा तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ दैवाधीन आहे असे जाता जाता म्हटले. त्या प्रकरणात तीन पानांच्या खेळाचा वाद नव्हताच; रमीचे वेगळेपण दाखविण्यासाठी केलेला तो उल्लेख होता. पण पुढील काळात पोकरविषयी जो वाद उद्भवला त्याचे बरेचसे मूळ या उल्लेखात आहे. तो कितपत यथार्थ आहे हे पाहण्यासाठी प्रथम खेळांची घडण समजून घेणे अवश्य आहे.

महाराष्ट्राला पत्त्यांची ओळख युरोपीय संचामुळे झाली नाही. गंजिफा हा खेळ इराणमार्गे भारतात आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हुसेनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अबुल फजलने अकबराच्या दरबारातील १२ रंगांच्या संचाचे वर्णन 'आईन-इ-अकबरी'त केले आहे. पुढे रूढ झालेल्या मोगली गंजिफ्यात ८ रंग व ९६ पाने असत. महाराष्ट्रात व विशेषतः सावंतवाडीत दशावतारी गंजिफा रुजला. त्यात मत्स्यापासून कल्कीपर्यंत १० रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत १० पाने, म्हणजे एकूण १२० वाटोळी पाने. अर्ध्या रंगांत राजा-प्रधानांखाली दश्शी श्रेष्ठ, तर उरलेल्या अर्ध्यांत एक्का श्रेष्ठ. दिवसा खेळताना ज्याच्याकडे राम-राजा असेल त्याने उतारी करायची, रात्री ज्याच्याकडे कृष्ण-राजा असेल त्याने. सावंतवाडीचा हा कलाप्रकार लुप्त होण्याच्या बेतात असता १९७० नंतर शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात चिताऱ्यांना आश्रय देऊन तो सावरला. त्या संचांकडे आज कलावस्तू म्हणून पाहिले जाते, खेळले क्वचितच जाते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने गंजिफ्याची एक गोष्ट महत्त्वाची आहे. हा हात करण्याचा खेळ आहे. प्रत्येक पान यथावकाश मेजावर पडते, सर्वांसमक्ष पडते, आणि कोणते पान गेले हे ज्याच्या स्मरणात राहते तो जिंकतो. १२० पाने ध्यानात ठेवणे हे सामान्य काम नव्हे. येथे थाप मारण्यास वाव जवळजवळ नाही, कारण शेवटी पान दाखवावेच लागते. मराठी घरांत पुढे रूढ झालेले पाच-तीन-दोन, सात-आठ, लाडीस, मेंढीकोट हे खेळ ५२ पानांच्या इंग्रजी पद्धतीच्या संचाने खेळले जात असले तरी त्यांचा पिंड गंजिफ्याचाच आहे. हुकूम, उतारी, हात, कोट, पिसणे, वाटणे ही त्यांची परिभाषाही मराठीत पूर्णपणे मुरलेली आहे.

याच्या उलट तीन पत्तीची परिभाषा पाहावी. चाल हा एक शब्द सोडला तर बूट, ब्लाइंड, सीन, शो, साइड शो, पॅक, ट्रेल, सिक्वेन्स, कलर हे सर्व शब्द इंग्रजी वळणाचे आहेत. पैज, पण आणि होड हे शब्द मराठीत पूर्वीपासून असूनही या डावात त्यांना थारा मिळालेला नाही. भाषेचा हा पुरावा एकट्याने निर्णायक ठरणार नाही. परंतु नियमांचा पुरावा त्याच दिशेने जातो.

तीन पत्तीचे नियम थोडक्यात असे. प्रत्येक खेळणारा आरंभी ठराविक रक्कम मध्ये टाकतो, तिला बूट म्हणतात. प्रत्येकास तीन पाने झाकून वाटली जातात. पाने न पाहता जो खेळतो तो ब्लाइंड, पाहून खेळतो तो सीन. पाळी आली की रक्कम टाकून चाल करायची किंवा पाने टाकून पॅक व्हायचे. ब्लाइंड खेळणाऱ्याने जेवढे टाकले असेल त्याच्या किमान दुप्पट सीन खेळणाऱ्याने टाकले पाहिजे. म्हणजे आपली पाने पाहण्याचा हक्क दामदुपटीने विकत घ्यावा लागतो. सीन खेळणारा आपल्या आधीच्या सीन खेळणाऱ्याकडे साइड शो मागू शकतो. त्याने तो मान्य केल्यास दोघे पाने खाजगीत ताडून पाहतात आणि हलका हात असलेला बाहेर पडतो. दोघेच उरले की शो मागता येतो, परंतु प्रचलित नियमाप्रमाणे समोरचा ब्लाइंड असेल तर सीन खेळणाऱ्याला शो मागता येत नाही; त्याने खेळत राहावे किंवा डाव सोडावा.

हा शेवटचा नियम मोठा बोलका आहे. इंग्लंडमधील ब्रॅग या तीन पानांच्या खेळात तो जसाच्या तसा आढळतो, आणि न पाहता खेळणाऱ्यास अर्ध्या रकमेची सवलतही तेथलीच. हातांची उतरंडही दोन्हीकडे सारखीच आहे: तीन सारखी पाने, मग एकरंगी क्रम, मग साधा क्रम, मग एकरंग, मग जोडी, आणि शेवटी ज्याचे पान मोठे तो. फरक किरकोळ आहेत. ब्रॅगमध्ये तीन तिर्र्या हा सर्वश्रेष्ठ हात, तर आपल्याकडे तीन एक्के. यावरून तीन पत्ती हे ब्रॅगचेच हिंदी रूप होय, असे मानण्यास प्रत्यवाय नाही. ते कधी आले याविषयीही अंदाज बांधता येतो. एडमंड हॉइल याने १७५१ मध्ये ब्रॅगवर छोटे पुस्तक लिहिले, त्या काळच्या खेळात तीन सारखी पाने व जोडी यांनाच मान होता, आणि काही ठराविक पाने जोकरासारखी वापरली जात. क्रम आणि एकरंग यांचा समावेश नंतरचा आहे. तीन पत्तीत ही दोन्ही अंगे पूर्णपणे विकसित झालेली असल्याने ती अठराव्या शतकातील ब्रॅगवरून नव्हे, तर त्याच्या उत्तरकालीन रूपावरून आलेली असली पाहिजे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री आणि ठाणे-रायगड पट्ट्यातील गावांत गणपतीच्या जागरणाला मांडल्या जाणाऱ्या या डावाला पुष्कळजण सनातन प्रथा समजतात. द्यूत सनातन असेल, हा डाव नाही.

हातांच्या उतरंडीचा संबंध गणिताशी आहे, आणि येथे एक मौज दिसते. ५२ पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे निघू शकतात. त्यांत ट्रेल ५२, एकरंगी क्रम ४८, साधा क्रम ७२०, एकरंग १,०९६, जोडी ३,७४४ आणि यांपैकी काहीच नसलेले हात १६,४४०. म्हणजे एकरंगी क्रम हा ट्रेलपेक्षा किंचित दुर्मीळ असूनही ट्रेलच श्रेष्ठ मानला जातो; रूढीने येथे गणितावर मात केली आहे. इतरत्र मात्र उतरंड गणिताला धरून आहे. तीन पानांत क्रम हा एकरंगापेक्षा दुर्मीळ, म्हणून तो वरचढ. पोकरच्या पाच पानांत हे उलटते. पाच पानांचे २५,९८,९६० हात संभवतात. त्यांत एकरंग ५,१०८ आणि क्रम १०,२००, म्हणून तेथे एकरंग वरचढ. तीन पत्ती खेळणारा मनुष्य पोकरच्या मेजावर बसला की त्याची पहिली चूक बहुधा येथेच होते.

या आकड्यांतून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. २२,१०० पैकी १६,४४० हात, म्हणजे दर चारांतील जवळजवळ तीन, रिकामे असतात. बहुतेक डाव अशा रिकाम्या हातांमध्येच लढले जातात. पाने वाटून झाल्यावर त्यांत कोणताही बदल करता येत नाही हे खरे. परंतु शो होण्यापूर्वीच इतर सर्वजण पॅक झाले तर पाने कोणती होती याला अर्थच उरत नाही. अशा डावाचा निकाल पानांनी नव्हे, बोलीने लागलेला असतो. १९६७ च्या निवाड्यातील उल्लेख पानांच्या वाटणीकडे पाहून केलेला दिसतो. बोलीचा विचार त्यात नाही. याउलट ब्लाइंडच्या नियमाने आपली पाने न पाहणाऱ्यालाच सवलत मिळते, आणि अज्ञानाला बक्षीस देणाऱ्या खेळास कौशल्याचा खेळ म्हणणे अवघड आहे, हेही तितकेच खरे. निष्कर्ष कदाचित योग्य असेल. त्याला दिलेले कारण अपुरे आहे.

पोकर हा याच कुळातील पण वेगळ्या शाखेचा खेळ. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्स व मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात तो आकारास आला. फ्रेंच 'पोक', जर्मन 'पोखेन' आणि इंग्रजी ब्रॅग हे त्याचे पूर्वज मानले जातात. इराणमधील 'आस-नास' या खेळाशीही त्याचे नाते जोडण्यात आले होते, आणि गंजिफाही इराणचा असल्याने ही कल्पना भारतीय वाचकाला आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे; परंतु आस-नासच्या नियमांची स्पष्ट वर्णने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, म्हणजे अमेरिकन पोकर स्थिरावल्यानंतरची आहेत, आणि तेवढ्यावर पितृत्व सिद्ध होत नाही. मूळचा पोकर २० पानांनी, चौघांत, प्रत्येकी पाच पाने वाटून खेळला जाई. सर्व पाने वाटली जात, बदलायला काही उरतच नसे. ५२ पानांचा संच आल्यावर गड्डीत पाने शिल्लक राहू लागली, आणि त्या शिल्लक पानांतूनच पुढचे सर्व प्रकार जन्मास आले.

पहिला प्रकार ड्रॉ पोकर. पाच पाने झाकून मिळतात, बोलीची एक फेरी होते, मग नको असलेली पाने टाकून तितकीच नवी घेता येतात, आणि पुन्हा बोली होते. लंडनमधील अमेरिकेचे राजदूत रॉबर्ट शेंक यांनी १८७० च्या दशकात इंग्रज स्नेह्यांसाठी याचे नियम लिहून काढले, आणि इंग्लंडच्या उच्चवर्गात तो शिरला. ड्रॉमध्ये समोरच्याने किती पाने बदलली एवढीच खूण मिळते. एकच पान बदलणाऱ्याच्या हाती दोन जोड्या असाव्यात किंवा क्रम वा रंग पुरा होण्यास एक पान कमी असावे, असे ताडता येते. आणि हे तो ताडणार हे ओळखून मुद्दाम एकच पान बदलून फसवताही येते.

दुसरा प्रकार स्टड. यात काही पाने उघडी वाटली जातात. पाच पानी स्टडमध्ये एक पान झाकलेले आणि चार उघडी, प्रत्येक उघड्या पानानंतर बोली. सात पानी स्टडमध्ये दोन झाकलेली, मग चार उघडी, शेवटचे पुन्हा झाकलेले, बोलीच्या पाच फेऱ्या, आणि सातांतील सर्वोत्तम पाच पानांचा हात धरायचा. तिसरा प्रकार टेक्सास होल्डेम. प्रत्येकास दोनच पाने झाकून मिळतात. बोलीनंतर मेजाच्या मध्यभागी तीन पाने उघडली जातात, मग एक, मग आणखी एक, आणि प्रत्येक उघडणीनंतर बोली. मधली पाच पाने सर्वांची. स्वतःची दोन व सामाईक पाच यांतून उत्तम पाचांचा हात बनवायचा. ओमाहा हा त्याचाच भाऊ, पण हाती चार पाने येतात आणि त्यांतील नेमकी दोनच वापरावी लागतात, मधली नेमकी तीन. हातात चार एक्के आलेल्या ओमाहा-खेळाडूला म्हणूनच आनंद होत नाही. त्यांतील दोन त्याला निरुपयोगी असतात. होल्डेम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टेक्सासमध्ये निघाला, १९६० च्या दशकात लास व्हेगासला पोचला आणि १९७० पासून तेथे भरणाऱ्या जागतिक स्पर्धेमुळे इतर सर्व प्रकारांवर त्याने मात केली. यात 'ब्लाइंड' या शब्दाचा अर्थ बदलतो. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे न पाहता खेळणारा. होल्डेममध्ये वाटणाऱ्याच्या डाव्या हाताच्या दोघांनी पाने येण्यापूर्वी टाकावयाची सक्तीची रक्कम. शब्द एक, कुळ एक, आशय भिन्न.

या प्रकारांतील खरा भेद प्रत्येकात खेळणाऱ्याच्या दृष्टीस किती पाने पडतात हा आहे. चौघांचा डाव धरू. तीन पत्तीत ५२ पैकी तीन पाने दिसतात, किंवा ब्लाइंड खेळल्यास एकही नाही. ड्रॉमध्ये स्वतःची पाच आणि तीन बदलली तर टाकलेली धरून आठ. होल्डेममध्ये सात. पाच पानी स्टडमध्ये सर्वजण शेवटपर्यंत टिकले तर स्वतःची पाच व इतरांची उघडी १२ मिळून १७, आणि सात पानी स्टडमध्ये १९. केवळ पाने पाहून तर्क बांधण्यास सर्वांत अधिक वाव स्टडमध्ये आहे. होल्डेममध्ये दिसणारी पाने थोडी. परंतु त्यांतील पाच सर्वांना समान दिसत असल्याने समोरच्याच्या हाती काय असू शकेल याची मर्यादा नेमकी आखता येते, आणि बोलीच्या चार फेऱ्यांत त्याच्या वागणुकीवरून ती आणखी आवळता येते. तीन पत्तीत चाली कितीही झाल्या तरी नवे पान एकही येत नाही. न्यायालयांपुढे 'पोकर कौशल्याचा की दैवाचा' असा एकवचनी प्रश्न येत राहिला. वस्तुतः तो प्रत्येक प्रकाराविषयी स्वतंत्रपणे विचारला पाहिजे होता. कॅलिफोर्निया राज्याने असा भेद केला होता. तेथील १८८५ च्या दुरुस्तीने स्टड-हॉर्स पोकर या एका प्रकारास नावाने बंदी केली आणि ड्रॉला मोकळे सोडले. होल्डेम त्या बंदीखाली येतो काय हा वाद तेथे शंभर वर्षांनी उपस्थित झाला, आणि १९९० मध्ये तो येत नाही असा निर्णय झाला.

आता आपल्याकडील कायद्याचे पाहू. कौशल्य आणि दैव हा भेद भारतीय धर्मशास्त्राचा नव्हे. मनुस्मृतीत निर्जीव साधनांनी खेळतात ते द्यूत आणि प्राण्यांकरवी खेळतात तो समाह्वय, असा भेद सांगून दोन्ही निषिद्ध ठरविली आहेत. कौटिल्याने निषेध न करता व्यवस्था केली: द्यूताध्यक्ष नेमावा, एकाच ठिकाणी खेळ चालवावा, आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच राजासाठी घ्यावे. बुद्धिबळ व फासे यांत तत्त्वतः फरक करण्याची गरज या दोघांनाही वाटली नाही. 'निव्वळ कौशल्य' ही कसोटी इंग्लंडच्या १८४५ च्या कायद्यातून आली. तेथे आठव्या हेन्रीच्या काळातील जुन्या मनाईतून चेंडूफळीसारखे खेळ सोडविण्यासाठी ती वापरली गेली होती. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगार-प्रतिबंधक अधिनियमात ती कलम १३ म्हणून दाखल झाली: केवळ कौशल्याच्या खेळास, तो कोठेही खेळला जावो, हा अधिनियम लागू नाही.

या अधिनियमाचा रोख खेळावर कमी आणि घरावर अधिक आहे. 'सार्वजनिक जुगारगृह' ही त्याची मध्यवर्ती कल्पना. जागेचा मालक डावातून नफा काढतो काय, हा मुख्य प्रश्न. असे घर चालविणे कलम ४ खाली गुन्हा, त्यात सापडणे कलम ५ खाली गुन्हा, आणि रीतसर झडतीत जुगाराची साधने हाती लागली तर उलट सिद्ध होईपर्यंत ते जुगारगृहच असे कलम ७ ने गृहीत धरावयाचे. पत्त्यांची जोडी हे असे साधन आहे. १९६० च्या दशकात मुंबईत फोफावलेल्या मटक्याचा आकडाही पत्ते काढून ठरविला जाऊ लागल्याने पोलिसांच्या दृष्टीने पत्ता ही वस्तूच संशयास्पद झाली. तीन पत्तीच्या धाडीच्या बातम्यांत रोख रकमेबरोबर जप्त केलेल्या ५२ पानांचाही उल्लेख येतो तो यामुळे. त्याच वेळी क्लबांतून रमी आणि ब्रिज निर्वेधपणे चालू होते. कायद्याने वर्गभेद केला नाही. परंतु खेळांची वाटणी समाजात ज्या रीतीने झाली होती, तिच्यामुळे कलम १३ चा लाभ क्लबच्या सभासदास आणि कलम ७ चे गृहीतक चाळीतील मजुरास, असे चित्र पुष्कळदा दिसले.

कलम १३ मधील 'केवळ' या शब्दाचा अर्थ न्यायालयांनी क्रमाने सैल केला. १९५७ मध्ये शब्दकोडी-स्पर्धा चालविणाऱ्या चमारबागवाला यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी ठरविल्या: जुगार हा संविधानाने संरक्षिलेला व्यापार नव्हे, आणि ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते ती जुगारात मोडत नाही. त्यानंतर आला १९६७ चा रमीचा निवाडा. तो सिकंदराबादच्या एका क्लबासंबंधी व हैदराबादच्या जुगार-कायद्याखालचा होता; न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी तो लिहिला. गेलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते ठेवावे आणि कोणते टाकावे याचा विचार करावा लागतो, म्हणून रमीत कौशल्य प्रधान आहे, हे त्यातील तर्काचे सार. ही कसोटी वस्तुतः गंजिफ्याची आहे. स्मरण आणि पानांची निवड हेच कौशल्य, अशी तिची धारणा आहे. थाप ओळखणे, बोलीचे गणित मांडणे, हलका हात वेळीच सोडणे ही कौशल्ये त्या चौकटीत बसत नाहीत. आणि पोकरमधील कौशल्य तर प्रामुख्याने हेच आहे.

त्यामुळे पुढील निर्णय परस्परविरोधी झाले यात नवल नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने ब्रिज, रमी व नॅप यांच्याबरोबर पोकरलाही जुगाराच्या व्याख्येतून नावानिशी वगळले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पोकर कौशल्याचा खेळ म्हणून चालविण्यास परवान्याची आवश्यकता नाही, असे म्हटले. गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये पोकर हा जुगारच, असा निर्णय दिला. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा शेवटचा निर्णय विशेष लक्षणीय होय, कारण १९६० मध्ये मुंबई राज्याची दोन राज्ये झाली तेव्हा १८८७ चा अधिनियम दोन्हींकडे गेला, आणि अर्थ लावला गेला तो त्याच कलम १३ चा. गोव्याने निराळा मार्ग धरला. तेथील १९७६ च्या कायद्यात १९९२ व १९९६ मध्ये दुरुस्त्या होऊन प्रथम पंचतारांकित हॉटेलांत यांत्रिक खेळ आणि मग जहाजांवर मेजावरचे खेळ यांना परवानगी मिळाली. मांडवीच्या पात्रात कौशल्याचा प्रश्न विचारण्याचे कारणच उरले नाही. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोंवर नियंत्रण व कर बसविणारा अधिनियम संमत केला होता. तो कधीच अंमलात आणला गेला नाही, आणि २०२३ मध्ये निरसित झाला. ४७ वर्षे संमत अवस्थेत निद्रिस्त राहिलेला हा कायदा राज्याच्या द्विधा मनःस्थितीचा चांगला नमुना आहे.

घराभोवती बांधलेल्या १८८७ च्या कल्पनेची खरी कसोटी इंटरनेटच्या आगमनानंतर लागली. ठाणे-बेलापूर मार्गावरील महापे हे याचे सोयीचे उदाहरण आहे. हे मूळचे खाडीकाठच्या पट्ट्यातील शेतकरी वस्तीचे गाव. औद्योगिक विकास महामंडळाने १९६० च्या दशकापासून वसविलेल्या ट्रान्स-ठाणे क्रीक औद्योगिक क्षेत्रात ते आले, १९७० नंतर नव्या मुंबईच्या आराखड्यात गेले, आणि रासायनिक व यांत्रिक कारखान्यांच्या जोडीला तेथे संगणक-उद्यान व माहिती साठविणारी डेटा केंद्रे उभी राहिली. जुन्या गावठाणातील खोलीत गणपतीच्या जागरणाला मांडलेला डाव आणि हाकेच्या अंतरावरील सर्व्हरमधून चालू शकणारा डाव यांत कायद्याला 'घर' एकाच ठिकाणी सापडते. दुसऱ्या ठिकाणी झडती घ्यावयाची कोठे, साधन कोणते जप्त करावयाचे, आणि जागेचा मालक नफा काढतो म्हणजे कोण, या प्रश्नांना १८८७ च्या शब्दांत उत्तर नाही. संगणकावरील पोकरमध्ये आणखी एक फरक पडतो. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, पाने पिसणारा हात दिसत नाही, आणि एकाच वेळी अनेक मेजांवर खेळता येत असल्याने हातांची संख्या अनेक पटींनी वाढते. हात जितके अधिक तितका दैवाचा भाग सरासरीत विरतो आणि बोलीचे गणित उरते. म्हणजे कौशल्याची बाजू येथे बळावते. पण त्याच कारणाने हरणाऱ्याचे नुकसानही तितक्याच वेगाने होते.

संसदेने हा प्रश्न वेगळ्याच रीतीने निकालात काढला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या अधिनियमाने पैसे लावून खेळावयाच्या सर्व ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असोत, दैवाचे असोत की दोहोंचे मिश्रण असो, मनाई केली. शिक्षा खेळणाऱ्यास नाही. खेळ पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यानंतर पोकर व रमी चालविणाऱ्या प्रमुख कंपन्यांनी पैशाचे डाव थांबविले. १९५७ पासून घडत आलेला कौशल्याचा निकष संगणकापुरता असा एका व्याख्येने बाजूस सारला गेला, आणि मनूने सजीव-निर्जीव साधनांचा भेद सांगूनही दोहोंना सारखेच निषिद्ध ठरविले होते, त्या भूमिकेजवळ कायदा अनपेक्षितपणे येऊन पोचला.

खोलीतील डावाला मात्र १८८७ चाच अधिनियम लागू आहे, आता 'महाराष्ट्र' हे नाव धारण करून. महाप्यातील एखाद्या जागेत चौघेजण पैसे लावून होल्डेम खेळताना सापडले तर जागेच्या मालकाला व त्यांना कलम १३ चा आधार मागता येतो, आणि न्यायालयाला त्यावर विचार करावा लागतो. त्याच चौघांना तोच डाव फोनवर पुरविणाऱ्याला तसा आधार मागता येत नाही. दोन्हीकडे पाने ५२ असतात, हाती दोन आणि मध्ये पाच.